रत्नप्रभाबाईंचा उजवा बूट

मित्रांनो, उजव्या पायाचा एक जुना काळा बूट तुमच्याशी बोलतो आहे. माझं नाक पुढून रुंद आहे, टाच जेमतेम बोटभर उंच, आणि तळ इतका मऊ की अंगठ्याने दाबला तरी दबतो. त्याच तळाला, चवड्याच्या जागी, एक बारीक भोक आहे. ते कसं पडलं ते आठवलं की मला अजून कापरं भरतं. पण सांगायला हवं.

गोवंडीच्या एका पोटमाळ्यावर माझी शिलाई झाली. सुई अंगातून आरपार जायची तेव्हा मी घाबरलो होतो, आणि डब्याचं झाकण बंद झालं तेव्हा त्याहून जास्त. मुलुंडच्या एका दुकानात मी डाव्यासोबत कितीतरी महिने तसाच पडून होतो. लोक यायचे, टोकदार चकचकीत बूट उचलायचे, मला बघून म्हणायचे, "हे नको, हे आजोबांचे वाटतात." आपल्याला कोणी नेणारच नाही, असं मी धरून चाललो होतो.

एका संध्याकाळी रत्नप्रभाबाई आल्या. वय पन्नाशीच्या पुढे, अंगावर सिक्युरिटीचा निळा गणवेश, सोबत त्यांची मुलगी जान्हवी. बाई घाटकोपरच्या एका मॉलमध्ये बायकांची तपासणी करायच्या. पडद्याआड उभं राहायचं, पर्स बघायच्या, मधूनमधून चारही मजल्यांवर फेरी मारायची. कंपनीने दिलेले बूट कडक होते आणि पुरुषांच्या मापाचे होते. ते घालून त्यांची कंबर आणि गुडघे पार कामातून गेले होते.

दुकानदार नंदकिशोरशेठ म्हणाले, "आत्ता आलात ते बरं केलंत, ताई. दिवसभर उभं राहणाऱ्याचा पाय सकाळी वेगळा असतो आणि संध्याकाळी वेगळा." आणि त्यांनी एक चकचकीत, निमुळता जोड पुढे केला. बाईंनी तो घातला आणि खूश झाल्या.

"झकास! अगदी पायाला धरून बसलाय."

जान्हवी खाली बसली. तिने बुटाच्या कडेला बोट दाबलं. "आई, करंगळी बाहेर फुगलीये. लागत नाही तुला?"

"सांगितलं ना, नाही लागत."

"काढ बघू."

बूट काढला तर करंगळीवर लालभडक वळ उठला होता. जान्हवी आईच्या तोंडाकडे बघत राहिली. बाईंनी नजर दुसरीकडे फिरवली. मग जान्हवीने एका डब्याचं झाकण मागून घेतलं, त्यावर आईला पूर्ण भार देऊन उभं केलं आणि पेनाने पाऊल आखलं. त्यावर तो चकचकीत बूट ठेवला, तर रेघ दोन्ही बाजूंनी बाहेर!

"तुझ्या पायापेक्षा लहान बूट आहे हा. आणि तू म्हणतेस झकास!"

मग एकामागून एक जोड त्या रेघेवर ठेवले गेले. शेवटी माझी पाळी आली. रेघ माझ्याखाली पूर्ण झाकली गेली, आणि पुढे अंगठ्याएवढी जागा उरली. जान्हवीने मला वाकवून पाहिलं. जिथे पायाची बोटं वाकतात तिथेच मी वाकलो, मधोमध नाही. "हाच," ती म्हणाली.

"म्हातारीचा दिसतोय गं."

"दिसू दे."

मला आनंद व्हायला हवा होता, मित्रांनो. झालाही, पण क्षणभरच. कुठलाही पाय नव्या बुटात शिरला की बोटं चाचपडतात, टाच इकडेतिकडे सरकते, पाय बुटाची ओळख करून घेतो. बाईंचा पाय आला आणि नुसता पडून राहिला. त्याने मला काहीच विचारलं नाही. मी दचकलो. या पायाला मी आहे हे कळतंय तरी का?

पुढचे काही महिने बरे गेले. बाईंची कंबर दुखायची थांबली. त्यांच्यासोबत तपासणीला शकु होती, भांडुपला त्यांच्याच गल्लीत राहणारी. ती म्हणायची, "रत्ना, तुझे बूट बघून मला पण घ्यावेसे वाटतात गं." आमचे सुपरवायझर हर्षदसाहेब कडक होते. ड्युटीवर कोणी टेकलेलं त्यांना चालत नसे. तरी बाई हसतमुखाने उभ्या राहायच्या. मला त्यांचा अभिमान वाटायचा.

पण घरी आल्या की त्या एक विचित्र गोष्ट करत. मान दुसरीकडे वळवून मोजे काढायच्या, बादलीत टाकायच्या आणि साडी नेसून पायांवर पदर ओढून घ्यायच्या. स्वतःच्या पावलांकडे त्या कधीच बघत नसत. का, ते मला एकदा जेवणाच्या सुट्टीत कळलं.

"माझ्यासारखीच दादाला पण साखर होती," बाई शकुला सांगत होत्या. गुणाजीदादा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ, सावंतवाडीकडे गावी राहतात. "आधी पायाला मुंग्या यायच्या. मग मुंग्या पण बंद झाल्या. आम्ही म्हटलं, बरा झाला. मग एक दिवस नुसता वास यायला लागला. गुडघ्याखाली कापला गं पाय."

"आणि तुला येतात मुंग्या?"

बाईंनी आपला जेवणाचा डबा बंद केला. मग हळूच म्हणाल्या, "यायच्या."

शकुचा घास हातातच राहिला. "अगं मग डॉक्टरला दाखव ना!"

"दाखवलं की ते बोलणार. बोलले की खरं होणार. आणि नोकरी? बसून कोण पगार देतंय मला? तू कुणाला बोलू नकोस हं. जान्हवीला तर अजिबात नाही."

त्या दिवसापासून मीही घाबरून राहू लागलो. खडा दिसला की माझा जीव वरखाली व्हायचा.

आणि मग तो दिवस आला. दुसऱ्या मजल्यावर एका दुकानाच्या फर्निचरचं काम चाललं होतं. बाई फेरीवर होत्या. सुतारकामाचा भुसा ओलांडताना माझ्या तळाला काहीतरी टोचलं. एक बारीक, धारदार खिळा. माझा तळ मऊ, बाईंना आराम पडावा म्हणून मऊ, आणि त्या मऊपणातून तो सरळ वर शिरला. मला वाटलं, आता बाई ओरडतील, थांबतील, मला काढतील.

बाई चालत राहिल्या.

पावलागणिक खिळा आत जात होता. मला सगळं कळत होतं, पण ज्यांना कळायला हवं त्यांना कळत नव्हतं. आधी मोजा भेदला, मग कातडी. मग माझ्या आत काहीतरी कोमट पसरलं. बाई सरकत्या जिन्यावर उभ्या राहून समोरच्या बाळाकडे बघून हसल्या. मित्रांनो, मला तोंड असतं तर मी अख्खा मॉल गोळा केला असता. भीती म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. आपल्याला संकट दिसतंय, ज्याच्यावर आलंय तो हसतोय, आणि आपल्याला हाक मारता येत नाही.

खिळ्याचं डोकं मात्र बाहेर राहिलं होतं. फरशीवर पाऊल पडलं की ते टिक् करून वाजायचं. तेवढाच माझा आवाज. टिक्. टिक्. पण मॉलच्या गाण्यांत तो कोण ऐकणार?

बाईंनी तो एकदा ऐकला. कॉरिडॉरमध्ये गाणी नव्हती, तिथे थबकल्या. "खडा अडकलाय वाटतं," म्हणाल्या, पाय फरशीवर घासला आणि पुढे गेल्या. वाकून बघितलं नाही. त्या का बघत नाहीत ते मला माहीत होतं, म्हणून रागवताही येईना.

घरी मोजा चिकटला होता. त्यांनी मान वळवून तो ओढला. काळा मोजा, त्यावर रक्ताचा डाग दिसणार कसा? ओलसर लागला तेव्हा क्षणभर हात थांबला. मग "घाम आहे," असं स्वतःशीच पुटपुटल्या आणि तो बादलीत बुडवला. खिळा माझ्यातच होता, टोक वर करून. मी वाट बघत राहिलो की कोणीतरी आत हात घालेल. सकाळी बाईंनी पुन्हा मला घातलं, आणि खिळा बरोबर त्याच जागी शिरला.

दुसऱ्या दिवशी पाय गरम होता. दुपारपर्यंत तो तव्यासारखा तापला. बाईंना हुडहुडी भरली होती, तरी त्या पडद्याआड उभ्या होत्या. जेवायला जाताना शकु मागून चालत होती.

"रत्ना, थांब. तुझ्या बुटात काय वाजतंय?"

"काही नाही गं. खडा आहे."

"उचल बघू पाय."

"नको म्हटलं ना!" बाईंचा आवाज चिरकला. शकुने त्यांच्या कपाळाला हात लावला आणि दुसरं काही न विचारता त्यांना जिन्याच्या पायरीवर बसवलं. तेवढ्यात हर्षदसाहेब आले. "मॅडम, इथे कशाला बसलात? पब्लिक बघतंय."

"बघू दे!" शकु म्हणाली. तिने मला काढलं, आत हात घातला आणि "आई गं!" म्हणून झटक्यात बाहेर काढला. तिच्या बोटाला रक्त आलं होतं. तिने मला उलटं केलं. खिळ्याचं डोकं घासून चांदीसारखं चमकत होतं.

"रत्ना... हे तुला कळलं नाही?"

 बाईंनी मोज्यावर दोन्ही हात दाबून धरले. "काढू नकोस. माझ्या पायाचा वास येतोय का गं? खरं सांग. दादासारखा येतोय?"

"तू बघू नकोस, मी बघते. तू फक्त माझ्या तोंडाकडे बघ."

शकुने मोजा हळूहळू उतरवला. बाई तिच्या तोंडाकडे बघत होत्या. शकुने चेहरा हलू दिला नाही, पण तिच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं, आणि बाईंना कळायचं ते कळलं. हर्षदसाहेबांनी खिळ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "मी रिक्षा बघतो," आणि पळाले.

दवाखान्यात मी एका प्लास्टिकच्या पिशवीत, खाटेखाली होतो. वर काय चाललंय ते फक्त ऐकू येत होतं. जान्हवी धावत आली होती, तिचा श्वास लागला होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "डोळे मिटा. मी या बारीक तारेने पायाला स्पर्श करणार. जिथे कळेल तिथे 'हो' म्हणायचं."

खोलीत शांतता पसरली. बराच वेळ. मी 'हो'ची वाट बघत होतो.

"सुरू करा ना डॉक्टर," बाई म्हणाल्या.

"ताई, माझं झालं तपासून."

जान्हवीचा हुंदका मला स्पष्ट ऐकू आला. "दुकानात लाल वळ बघितला तेव्हाच मी विचारायला हवं होतं, आई."

"विचारलं असतंस तरी मी खोटंच बोलले असते गं," बाई म्हणाल्या. "मला फार भीती वाटते."

डॉक्टरीणबाईंनी मला पिशवीतून काढलं आणि सगळीकडून पाहिलं. "बूट चांगला निवडलाय. पुढे रुंद आहे, कुठे दाब नाही. पण पायाला कळत नसेल तर नुसता चांगला बूट पुरत नाही. घालण्याआधी आत हात फिरवायचा, आणि रोज पाय डोळ्यांनी बघायचे. हाडापर्यंत गेलं नसावं. उद्या पायाचा एक्स-रे काढू, तेव्हा नक्की सांगते."

ती एक रात्र आणि तो 'उद्या' कसा गेला, मला सांगता यायचं नाही. हाड वाचलं होतं. जखम साफ केली, सुया सुरू झाल्या, आणि आठवड्याने बाई घरी आल्या. मीही आलो. खिळा उपटून टाकला होता, मी आता कोणाच्या पायात जाणार नव्हतो. जान्हवी मला फेकायला निघाली होती, पण पट्टी आणि औषधांच्या धावपळीत ते राहूनच गेलं. मी खाटेखाली राहिलो.

पट्टी जान्हवीच बदलायची. बाई तेव्हा भिंतीकडे तोंड करायच्या. एका दुपारी जान्हवी कामावर गेली होती आणि गावाहून गुणाजीदादांचा फोन आला. बाईंनी तो स्पीकरवर टाकून उशाशी ठेवला.

"रत्ना, पाय बघतंस मा रोज?"

"जान्हवी बघता."

"तू बघतंस काय, ता विचारतंय मी."

"बघूक धीर होत नाय रे दादा."

 मग दादा म्हणाले, "माका पण होत नाय होतो. म्हणान मी बघूक नाय. आणि म्हणान गेलो माझो पाय, बाय. साखरेन नाय गेलो. भियान गेलो."

फोन ठेवल्यावर बाई खाटेच्या कडेला येऊन बसल्या. त्यांची पावलं माझ्यासमोर लोंबत होती. त्यांनी जान्हवीचा गोल आरसा घेतला, फरशीवर ठेवला, पट्टी सोडली. पाय आरशावर धरला. डोळे घट्ट मिटलेले होते. मी श्वास रोखून बसलो. मग त्यांनी डोळे उघडले.

खूप वेळ बघत राहिल्या. जखमेची कड गुलाबी झाली होती, भरत आली होती. मग त्यांनी हलक्या आवाजात, अंगठ्यापासून सुरुवात करून, बोटं मोजली. करंगळीपर्यंत आल्या आणि पुन्हा पहिल्यापासून मोजली. आणि मग ओठांवर हात धरून रडल्या. भीती गेली नव्हती, पण आता ती त्यांच्यासमोर होती, आणि त्या तिच्याकडे बघत होत्या.

मित्रांनो, तुमच्या घरातही कोणीतरी दिवसभर उभं राहून काम करत असेल. त्यांच्यासाठी बूट घ्यायला जाल तेव्हा दिसण्यावर जाऊ नका, पावलाचं माप घ्या, बोटांना मोकळी जागा द्या. ते घरातून निघण्याआधी त्यांच्या बुटात एकदा हात फिरवा. आणि ते घरी आले की त्यांच्या पायाशी बसा. "दाखवा पाय," म्हणा. ते नको म्हणतील, पदर ओढून घेतील. तरी बसून राहा. आम्हा बुटांना सगळं कळतं, पण आम्हाला सांगता येत नाही. तुम्हाला विचारता येतं.