फासात अडकलेली मादी

धाकट्याचा फोन आला तेव्हा ताई दवाखान्यात एका घुबडाच्या पंखाला पट्टी बांधत होती. एरवी तो फोन करायचा ते अंडी पाठवू का विचारायला. आज म्हणाला, "ताई, लगेच निघ. कुंपणापाशी मांजर अडकलंय. ठिपक्यांचं."

ताई वन्यप्राण्यांची डॉक्टर. त्या डोंगरात ठिपक्यांची रानमांजरं बोटांवर मोजण्याइतकीच उरली होती. धाकट्याच्या कोंबड्यांच्या शेड नेमक्या त्याच डोंगराच्या पायथ्याशी. त्यावरून बहीणभावांत अनेकदा वाजलं होतं. "तुझ्या लाडक्यांना माझ्याच कोंबड्या बऱ्या गोड लागतात," असं तो म्हणायचा, अर्धा हसत, अर्धा चिडून.

ती पोचली तेव्हा मादी आडवी पडून धापा टाकत होती. मोटारसायकलच्या क्लचची तार पुढच्या पायात हाडापर्यंत रुतली होती. धाकटा उन्हात उभा राहून तिच्यावर गोणपाटाची सावली धरून होता.

"फास कुणी लावला?"

"मीच." त्याने मान वर केली नाही. "कुत्र्यांसाठी लावला होता. म्हणजे... जे येईल त्याच्यासाठी."

ताईने सिरिंज भरली. भुलीचं इंजेक्शन दिलं आणि मादी ढिली पडल्यावर तार कापली. तिला उचलताना पोटाला हात लागला. सड दुधाने तटतटले होते.

"हिची पिल्लं आहेत. जवळच असणार."

धाकट्याचा चेहरा खर्रकन उतरला. त्याची बायको नुकतीच बाळंत झाली होती; भुकेल्या बाळाचं रडणं काय असतं, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. "तू हिला घेऊन जा," तो म्हणाला, "पिल्लं मी शोधतो."

पाय वाचला नाही. खांद्यापासून काढावा लागला. ताई हातमोजे काढत होती तेव्हा धाकटा दारात आला. हातांवर ओरखडेच ओरखडे, आणि शर्टाच्या आत काहीतरी फिस्कारत होतं.

"कपारीत होती. दोन होती, ताई." मग जरा थांबून म्हणाला, "एक गार पडलं होतं. तिथेच पुरलं."

ताई त्याला खूप काही सुनावणार होती. वाटेत शब्दसुद्धा जुळवले होते. तिने आयोडीनची बाटली उचलली आणि त्याचे हात धुवायला घेतले.

शुद्धीवर आल्यावर मादीने पिल्लाला हुंगलं, चाटलं आणि कुशीत घेतलं. तीन पायांवर शिकार जमणार नव्हती, तेव्हा ती आता जन्मभर ताईच्या वन्यप्राणी केंद्राच्या पिंजऱ्यातच राहणार होती. पिल्लू मात्र रानात जायला हवं होतं. त्याला माणूस दिसू नये म्हणून सगळे आडोशामागून वावरत. जिवंत उंदीर आत सोडले की मादी लंगडत झडप घालायची, पडायची, पुन्हा उठायची. पिल्लू ते टक लावून बघायचं. ताई आणि धाकटा शेजारच्या खोलीत कॅमेऱ्याच्या पडद्यावर दोघांना बघत.

धाकट्याने शेडवर जाळी बसवली. पक्कड घेऊन शेजाऱ्यांकडे गेला. काहींनी फास काढू दिले. एकजण म्हणाला, "बहिणीने चांगलंच पढवलंय तुला," आणि दार लावून घेतलं.

पिल्लाच्या तावडीतून एकही उंदीर सुटेनासा झाला, तेव्हा त्याच्या गळ्यात ठावठिकाणा कळवणारा पट्टा बांधून ताईच्या माणसांनी त्याला वरच्या रानात सोडलं. पेटीचं दार उघडताच ते झाडीत दिसेनासं झालं. एकदाही मागे वळून बघितलं नाही.

इकडे पडद्यावर मादी पिंजऱ्याचा कोपरान् कोपरा हुंगत होती. मधेच थांबून हाक मारायची, कान टवकारायची, पुन्हा हुंगायची.

"किती दिवस शोधेल?" धाकट्याने विचारलं.

"थोडे दिवस. तसं रानातही एक दिवस तिनेच त्याला हाकललं असतं."

"हो. पण तिने हाकललं असतं."

 ताईने खुर्ची त्याच्याजवळ सरकवली. पट्ट्याचा पहिला संदेश आला तेव्हा पिल्लू दुसऱ्या डोंगरावर पोचलं होतं, आणि मादीचं हाक मारणं चालूच होतं.