लासुर्ण्याला न पोचलेला इशारा

चूक कुणाची, हे संगणकासमोर बसलेल्या स्वरूपाच्या ध्यानात आलं तेव्हा आत चहा उकळत होता आणि सारजाकाकी सुनेला बोलत होत्या.

"रोज सकाळी तितं बसून करती काय तू? आर्धी बाग डाऊनीनं गेली, आन् हिला इशारा दिसला न्हाय!"

प्रतिक्षाच्या हातातल्या कपबश्यांचा आवाज तेवढा आला.

स्वरूपा बारामतीच्या एका शेतकरी गटाच्या प्रयोगशाळेत द्राक्षावरचे डाऊनीसारखे रोग तपासायची. सारजाकाकींचे यजमान, लासुर्ण्याचे महिपतीतात्या, गटातले जुने बागायतदार. मागं तिनं त्यांच्या घरी येऊन संगणकाच्या ब्राउझरमध्ये गटाचा फीड रीडर जोडून दिला होता. एखाद्या संकेतस्थळावरच्या फीडच्या चिन्हावर दाबलं, की तिथलं नवं लिखाण रोज आपोआप रीडरमध्ये येऊन पडे. धारा उरकल्या की प्रतिक्षा ते मोठ्यानं वाची, तात्या ऐकत आणि फवारणी ठरवत.

ब्राउझरच्या यादीत नसलेला रीडर जोडायचा तर त्याचा पत्ता हातानं लिहावा लागतो. पत्त्याच्या शेवटी एक छोटी खूण ठेवायची असते. आपण जे फीड दाबू, त्याचा पत्ता त्या खुणेच्या जागी बसतो. चाचणी म्हणून स्वरूपानं खुणेच्या जागी बाजारभावाच्या फीडचा पत्ता चिकटवला होता. चाचणी झाली. खूण परत ठेवायची राहिली. "आता रोगाच्या इशाऱ्याचं फीड दाब, बसेल," असं प्रतिक्षाला सांगून ती गाडीत बसली. प्रतिक्षानं तेच दाबलं, पण जोडले गेले पुन्हा बाजारभावच.

इतकंच असतं तर स्वरूपानं स्वतःला माफ केलं असतं. पण प्रतिक्षानं फोन केला होता. "ताई, नुसते भावच येत्यात." स्वरूपाचा एक डोळा सूक्ष्मदर्शकाला होता. "धोका नसेल तर इशारा येणार नाही गं. काळजी करू नको." पोरीनं विश्वास ठेवला. मग बाग फुलोऱ्यात असताना अवकाळी झाला आणि घड कुजले.

आता खूण जागेवर ठेवली, की झालं. कुणाला काही कळणार नव्हतं. कर्सर तिथंच लुकलुकत होता.

तात्या खुर्ची ओढून जवळ बसले. "मॅडम, मशीन बिघडलंय का आमची सून, येकदा सांगून टाका."

"तांत्रिक अडचण होती, तात्या."

"म्हंजी मशीनची?"

प्रतिक्षा ट्रे घेऊन बाहेर आली होती. तिनं स्वरूपापुढं कप ठेवला, कपाचा कान तिच्या उजव्या हाताकडं वळवून, न सांडता. स्वरूपाला कपाकडं बघवेना.

"मशीनची नाही. माझी," ती म्हणाली. काय चुकलं ते तिनं जमेल तेवढ्या सोप्या शब्दांत सांगितलं, आणि पुढं म्हणाली, "हिनं मला फोन पण केला होता. मी नीट ऐकलं नाही."

सारजाकाकी दारात आल्या. "फोन केलावता? मग आमाला का न्हाय बोललीस?"

"बोलले हुते की, आत्या. तुमीच म्हणला, मॅडमला जास्त कळतंय का तुला."

काकी पदराला हात पुसत राहिल्या. तात्या बाहेर बागेकडं बघत होते. "शिकल्याल्या माणसाला उलटं इचारायचं न्हाय, ही आमची खोड," ते म्हणाले. "बसा, च्या घ्या."

त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. स्वरूपा खुर्चीवरून उठली. "तू बस, प्रतिक्षा. तुझ्या हातानं कर."

प्रतिक्षानं खूण ठेवली, इशाऱ्याचं फीड दाबलं. या वेळी नाव बरोबर आलं आणि मागचं लिखाण भराभर खाली उतरलं. तिनं सवयीनं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. "इंदापूर भागात पावसाची शक्यता. फुलोऱ्यातल्या बागांना डाऊनीचा मोठा धोका. पावसाआधी फवारणी उरकून घ्यावी..."

"फुडं वाच," तात्या म्हणाले.

तिनं औषधाच्या प्रमाणापर्यंत सगळं वाचलं.

"कवाचं हाय?"

प्रतिक्षा थांबली. पडद्यावरचं बोट तिनं काढून घेतलं आणि मान वळवली.

"तारीख तुमी वाचा, ताई."

स्वरूपानं वाचली. पावसाच्या आदल्या सोमवारची होती.