ढाबळीला फुटलेला घाम

मित्रांनो, मी एक जुनी ढाबळ आहे. ढाबळ म्हणजे कबुतरांचे घर. एका निवृत्त शिंप्याने मला गच्चीवर मोडक्या कपाटाच्या फळ्यांपासून बांधले. त्यामुळे माझ्या एका भिंतीला अजून आरसा आहे. कबुतरांना तो फार आवडतो.

शिंपीकाका मापात पक्के, पण मायेत बेमाप. थंडी पडली की ते माझ्या फटींत चिंध्या कोंबत. एका हिवाळ्यात तर त्यांनी मला वरून प्लॅस्टिकचा कागद गुंडाळला आणि म्हणाले, "आता बघू वारा कुठून येतो ते."

वारा आला नाही, ओल आली. कबुतरांच्या श्वासाची वाफ बाहेर पडेना. ती माझ्या छताला चिकटे आणि थेंब होऊन टपके. खालची घाण सुकेना, दाण्यांना बुरशी धरली. सगळी कबुतरे शिंकू लागली. मास्तरीण नावाची पांढरी मादी एरवी सगळ्यांना शिस्तीत दाणे खायला लावी. ती पिसे फुगवून कोपऱ्यात बसली. तिने दाणापाणी सोडले.

"छत गळतंय," असे निदान करून काकांनी आणखी एक कागद चढवला.

"अहो, किती दिवसांत पाऊस नाही. गळणार काय, कपाळ?" काकू म्हणाल्या.

शेवटी गळती शोधायला काका स्वतः वाकून आत शिरले. मागे दार आपटले आणि बाहेरची कडी पडली.

"अगं, कडी काढ."

"एवढ्या चादरी वाळत घालते, मग काढते."

"इथं जीव गुदमरतोय माझा."

"मग त्या मुक्या जिवांचं काय होत असेल?" काकूंनी चादर झटकली.

बाहेर कडक ऊन होते, तरी काकांच्या टकलावर टपकन थेंब पडला. ते शिंकले. मास्तरीणही शिंकली. दोघांनी एकमेकांकडे पाहिले.

मग काकांनी भराभर चिंध्या ओढायला सुरुवात केली. एका फटीतून काकूंचा हरवलेला टॉवेल निघाला. मोकळ्या फटीतून खिशातली कात्री घालून त्यांनी कागद टराटरा कापला. काकूंनी कडी काढली, पण आधी टॉवेल ताब्यात घेतला.

त्या आठवड्यात काकांनी मला विटांवर उचलून ठेवले. छपराखाली समोरासमोर झरोके पाडून त्यांना जाळी ठोकली, पावसाचे पाणी आत येऊ नये म्हणून पत्रा पुढे काढला आणि जमिनीवर कोरडी वाळू पसरली. दमट हवा वरच्या वर निघून जाऊ लागली. मी कोरडी झाले. मास्तरीण एका सकाळी उठली, चार दाणे टिपले आणि मध्ये घुसणाऱ्या नराला चोच मारून मागे पाठवले. काका तिथेच वाळूत बसून डोळे पुसत होते.

हल्ली ते घरातल्याही खिडक्या उघडत सुटतात. काकू पांघरूण घट्ट ओढून म्हणतात, "थोडा वेळ कोंडल्यावर माणूस एवढा सुधारेल असं वाटलं नव्हतं."

मित्रांनो, पाळलेल्या जिवांवर भरपूर माया करा. फक्त ती करताना त्यांच्या छपराखाली हवा खेळेल एवढी फट तेवढी सोडा.