फक्त बघण्यापुरतं

तिने संगणकाची नेटवर्कची वायर काढली, टोकावर फुंकर मारली आणि पुन्हा खोचली. वायरीत काही बिघाड नाही, हे तिला ठाऊक होतं.

"आता बघा, बाबा."

वडिलांनी डाव्या हाताच्या एका बोटाने पासवर्ड टाकला. पक्षाघातानंतर उजवा हात मांडीवरच पडून असायचा. लॉगिन झालं. ऑफिसचं सामायिक फोल्डर उघडलं, त्यातला घराचा आराखडाही उघडला. त्यांनी एक दार जरा डावीकडे सरकवलं आणि सेव्ह केलं. पडद्यावर पुन्हा तेच आलं : बदल करण्याची परवानगी नाही.

"पासवर्ड चुकत असेल का माझा?"

"चुकला असता तर आत शिरताच आलं नसतं."

"मग?"

"सर्व्हरमध्ये काहीतरी गडबड आहे. बघते."

ती खाली मान घालून बटणं दाबत राहिली. घरांचे आराखडे करणारं हे ऑफिस वडिलांनी उभं केलं होतं. आता दादा सांभाळायचा, आणि तिथले संगणक ती. वडील घरून आराखडे बघायचे, सुचेल ते बदलायचे, कुणाला न सांगता. गेल्या आठवड्यात अशाच एका बदलामुळे एका बांधकामावर जिन्याच्या तोंडाशीच भिंत उभी राहिली. ती पाडावी लागली. दादा चिडलासुद्धा नाही. एवढंच म्हणाला, "त्यांना सगळं बघू दे. हात लावू देऊ नकोस." काल तिने सर्व्हरवर वडिलांच्या नावापुढची, बदल करण्याच्या परवानगीची खूण काढून टाकली आणि उरलेला चहा प्यायला घेतला. वाईट वाटेल म्हणून ती थांबून राहिली होती. काहीच वाटलं नाही. आजही वाटत नव्हतं.

तिने संगणक बंद करून चालू केला. वडील शांतपणे बघत होते.

"तुझ्या आईला शेवटी शेवटी रस्ते आठवेनासे झाले होते," ते म्हणाले. "तेव्हा मी गाडीची बॅटरी काढून ठेवली. तिला म्हटलं, बॅटरी गेलीये, नवीन मागवलीये."

तिचे हात थांबले.

"आई काय म्हणाली?"

"काही नाही. दुपारची गाडीत जाऊन बसायची थोडा वेळ. काच पुसायची. मग वर यायची. बॅटरी आली का, असं तिने एकदाही विचारलं नाही."

बाहेर कुणीतरी दुकानाचं शटर ओढलं. ती संगणकासमोरून बाजूला झाली.

वडिलांनी खुर्ची पुढे घेतली, तोच आराखडा पुन्हा उघडला आणि दार बोटाने सावकाश डावीकडे सरकवलं. यावेळी सेव्ह केलं नाही. नुसतेच बघत बसले.

"जा तू," ते म्हणाले. "दादाला सांग, सर्व्हरची घाई नाही म्हणावं."