चाखायचं ताट

तुरुंगाचा उद्देश माणसाला शासन करणे हा नसून त्याला पुन्हा माणसांत आणणे हा आहे. हे वाक्य आमच्या तुरुंगाच्या दर्शनी भिंतीवर हातभर उंचीच्या अक्षरांत रंगवलेलं आहे. रंगवणारा चोरीच्या गुन्ह्यात आत होता. सुटताना तो ब्रश आणि उरलेला रंग घेऊन गेला.

मी इथला हेडक्लार्क. बावीस वर्षं आत काढली, फक्त रोज संध्याकाळी घरी सोडतात.

आमच्याकडे एक जुना नियम आहे. कैद्यांना जेवण वाढण्याआधी अधीक्षकांनी ते स्वतः चाखायचं आणि वहीत शेरा लिहायचा. जे साहेबाच्या जिभेला चालेल ते कैद्याच्या पोटालाही चालेल, असं नियम करणाऱ्याला वाटलं असणार. बिचाऱ्याने स्वयंपाकघर पाहिलेलं नव्हतं. साडेदहाला झाकलेलं ताट ऑफिसात येतं. साहेब दोन घास खातात, ‘उत्तम’ लिहितात आणि उरलेलं ताट माझ्या टेबलावर येतं. नऊ वर्षांत वहीत दुसरा शब्द नव्हता.

हे ताट करायचा तो कैदी. त्याला सगळे मामा म्हणत. बाहेर त्याची खाणावळ होती. एका भांडणात त्याने भागीदाराच्या डोक्यात लोखंडी झारा घातला आणि भागीदार गेला. शिक्षा बारा वर्षांची, त्यातली नऊ झालेली. आल्या आल्या पहिल्याच आठवड्यात त्याने सहाशे जणांच्या पातेल्यातलं जेवण सरळ साहेबांपुढे ठेवलं होतं. तेव्हाच्या साहेबांनी ते थुंकून टाकलं आणि मामाला पंधरा दिवस अंधारकोठडीत टाकलं. पातेल्यात काय पडतं याची चौकशी केली नाही. कोठडीतून आल्यावर मामाने चुलीच्या कडेला एक छोटं पातेलं चढवलं. जे तेल सहाशे जणांत कुणाला दिसलंही नसतं, त्यातलं वाटीभर त्यात. निवडक भाजी त्यात, न किडलेले तांदूळ त्यात. मोठ्या पातेल्यात बाकीचं, आणि पाणी.

हे आत सगळ्यांना ठाऊक होतं.

“मामा, आज ताटात काय?” कैदी विचारायचे.

“तुला काय करायचंय रे? तुझ्या बापाला सांगायचं होतंस, मला साहेब कर म्हणून.”

मग नव्या अधीक्षक बाई आल्या. शिकलेल्या, सरळ, कैद्याला ‘अहो’ म्हणणाऱ्या. पहिल्या दिवशी त्यांनी एक घास घेतला आणि चमचा खाली ठेवला. मला वाटलं, संपलं.

“हे कैद्यांना रोज मिळतं?”

“रोज निघतं, बाई,” मी म्हणालो. ताट रोज निघायचं, हे काही खोटं नव्हतं.

“अहो, माझ्या घरी असं होत नाही!” त्यांना खरोखर धक्का बसला होता. वहीत त्यांनी ‘अत्युत्तम’ लिहिलं. नऊ वर्षांत वहीने केलेली ती पहिली प्रगती.

मामाला लवकर सोडायचं बाईंनी मनावर घेतलं. त्यालाही घाई होती. कैद्यांची पत्रं आधी मी वाचतो, त्यामुळे त्याचं कारण मला त्याच्याआधी कळलं होतं. बायकोने शेजाऱ्याकडून लिहून घेतलं होतं: ‘डॉक्टर म्हणतात, डोळे थंडीपर्यंत टिकतील. दिसतंय तोवर या.’

मामाने ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं.

“साहेब, थंडी नक्की कधी सुरू होते हो?”

“चार महिने आहेत, मामा. सुटकेची समिती पुढच्या गुरुवारी बसतेय. तू फक्त नीट वाग.”

“नीट म्हणजे?”

“म्हणजे आहेस तसाच राहा. नवीन काही करू नकोस.”

गुरुवारी समिती आली. समितीत एक निवृत्त न्यायाधीश आणि एक डॉक्टर. बाईंनी मामाची बाजू मांडायला सर्वांत सोपा मार्ग निवडला. समितीला कैद्यांचंच जेवण वाढायला सांगितलं. मामाने त्या दिवशी छोट्या पातेल्याऐवजी मधलं चढवलं.

न्यायाधीशांनी एक घास खाल्ला. दुसरा खाल्ला. मग ताटाकडे असे पाहत राहिले, जणू त्यात उंदीर निघाला आहे.

“हे... कैद्यांना?”

“हो,” बाई अभिमानाने म्हणाल्या.

“हा तुरुंग आहे की सासुरवाडी? मी तीस वर्षं लोकांना इथे जेवायला पाठवत होतो?”

“शिक्षा म्हणजे स्वातंत्र्य काढून घेणं, सर. चवही काढून घ्या, असं तुमच्या कुठल्या निकालात होतं?”

“नव्हतं. राहून गेलं. आता लिहू. हेडक्लार्क, घ्या. सरकारच्या या जावयांचा शिधा पुढच्या महिन्यापासून निम्मा करावा.”

“सर, असं कसं...”

“मला अजून थोडी भाजी मिळेल का?” डॉक्टर म्हणाले.

मामा दारात झारा घेऊन उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. तो वळला आणि गेला. भाजी आणायला गेला असं मला वाटलं, आणि मी लिहीत राहिलो.

तो आला तो बादली घेऊन. मोठ्या पातेल्यातून भरलेली. कुणाला काही कळायच्या आत त्याने न्यायाधीशांच्या ताटात एक डाव ओतला. तो पदार्थ ताटभर पसरला आणि काठाशी येऊन थांबला.

“हे काय आहे?”

“हे कैद्यांचं जेवण, साहेब. याचं निम्मं कसं करायचं तेवढं सांगा. मी तसं करतो.”

न्यायाधीशांनी चमच्याचं टोक जिभेला लावलं आणि रुमाल तोंडाला लावला. डॉक्टरांनी बादलीतून पांढरं, बारीक काहीतरी चमच्यावर घेऊन निरखलं. त्यांनी पुन्हा भाजी मागितली नाही.

“मग आम्ही खाल्लं ते काय?” न्यायाधीशांनी विचारलं.

“ते चाखायचं ताट. नऊ वर्षं रोज एकच करतो. आज तीन केली.”

बाईंचा चेहरा उतरला. त्या माझ्याकडे वळल्या. “तुम्हाला माहीत होतं?”

नऊ वर्षं ते उरलेलं ताट मी पुसून खात होतो. मी म्हणालो, “थोडं थोडं.”

खरं तर धक्का मला सगळ्यांत मोठा बसला होता. सुटकेचा कागद टेबलावर होता. सही तेवढी व्हायची होती. आणि हा माणूस, ज्याने रागाच्या भरात भागीदाराचं डोकं फोडलं होतं, तो सहाशे चोर-दरोडेखोरांच्या पाणचट रश्श्यासाठी, शांत डोक्याने, तो कागद स्वतःच्या हाताने फाडत होता. भिंतीवरचं वाक्य खरं झालेलं मी बावीस वर्षांत पहिल्यांदा पाहत होतो. ते नोंदवायला आमच्याकडे रकाना नाही.

न्यायाधीशांनी पाणी पिऊन निर्णय सांगितला, मी लिहून घेतला. सध्याचा शिधा पुरेसा कडक असल्याने त्यात कपात करू नये. सदर कैद्याने नऊ वर्षं शासनाची फसवणूक केली असून त्याच्यात सुधारणा झाल्याचे दिसून येत नाही. सबब अर्ज फेटाळण्यात येतो. बाईंनी विरोध केला, स्वतंत्र मत लिहून दिलं. ते मी टाचणीने मागे लावलं.

त्यानंतर बाई रोज स्वयंपाकघरात जाऊन मोठ्या पातेल्यातलं खात आणि वहीत ‘खाण्यालायक नाही’ असं लिहीत. अकरा दिवस लिहिलं. बाराव्या दिवशी त्यांची बदली झाली. तिकडे कैदी नाहीत, फक्त फाइली आहेत. नव्या साहेबांना पित्ताचा त्रास आहे, त्यामुळे चाखण्याचं काम माझ्याकडे आलं. मी ‘उत्तम’ लिहितो. डबा घरून आणतो.

मामाने बायकोला पत्र माझ्याकडूनच लिहून घेतलं. “लिहा, इकडे कामाचा फार खोळंबा आहे म्हणून. थंडीत नाही जमत.”

थंडीत ती स्वतःच आली, शेजारणीच्या खांद्यावर हात ठेवून. भेटीच्या खिडकीशी आल्यावर तिने आधी काठ चाचपला, मग त्यावर डबा ठेवला.

“यांच्या हाताची चव नाही माझ्या हाताला,” ती माझ्या डाव्या बाजूच्या भिंतीला म्हणाली. “पण कुणाची मदत घेतली नाही. एवढं सांगा त्यांना.”

बाहेरून आलेलं अन्न कैद्याला देण्याआधी चाखून पाहायचं, असाही आमच्याकडे नियम आहे. मी चाखलं. मीठ दोनदा पडलं होतं.