यायला हवा तो आकडा

आमचे हे विज्ञानाचे मास्तर. मुलांना प्रयोग कधी करू दिला नाही; यायला हवेत ते आकडे फळ्यावर लिहायचे, मुलं उतरवून घ्यायची. निकाल शंभर टक्के, म्हणून कॉलर टाइट. "शिकवणारे ढिगानं आहेत, मी माणसं घडवतो," असं वर ऐकवायचे.

परवा यांना चक्कर आली. दवाखान्यातला डॉक्टर यांचाच लाडका विद्यार्थी निघाला. यंत्राला हातही न लावता त्यानं रक्तदाब लिहून टाकला, एकशेवीस-ऐंशी.

"अरे, दंडाला पट्टा तरी बांध!" हे ओरडले.

"कशाला, सर? किती यायला हवा ते पाठ आहे," तो लाडात हसला.

हे माझ्याकडे बघायला लागले.

"माझ्याकडे काय बघताय?" मी म्हटलं. "तुम्हीच घडवलाय. द्या पैकीच्या पैकी!"