ॲशच्या दांड्याची बॅट

मी एक जुनी क्रिकेटची बॅट आहे. मित्रांनो, तुम्ही म्हणाल, त्यात विशेष ते काय? तुमच्याकडे माझ्या जातीच्या घरोघरी असतात. कुणी जिन्याखाली, कुणी माळ्यावर, कुणी सायकलच्या कॅरियरला बांधलेली. बॅट हातात धरली म्हणून तुमच्याकडे कुणी देशाशी बेइमान ठरत नाही. आमच्या आयर्लंडमध्ये एके काळी ठरत असे. मला बोलायची फारशी सवय नाही. जे सांगायचे ते नीट सांगता येईल, याचीही खात्री नाही. तरी सांगून बघते.

माझे लाकूड इंग्लंडमधल्या विलोच्या झाडाचे. मला घडवून, तेल पाजून, बोटीने समुद्रापार धाडले आणि मी नोर नदीकाठच्या राथकलन गावी जमीनदाराच्या घरी आले. मालकांच्या मुलाने मला दोन उन्हाळे वापरले आणि मग बागेत काम करणाऱ्या पियर्स शॉर्टलला देऊन टाकले. माझे खरे आयुष्य तिथून सुरू झाले.

गावात क्रिकेटची टोळी होती. शेतमजूर, लोहार, गवळी अशी सगळी माणसे. सगळ्यांत मिळून चांगली बॅट मी एकटीच. पियर्स आणि त्याचा जिवलग मित्र फिंटन कॉमरफर्ड डावाची सुरुवात करत, आणि जो खेळायला उभा राहील त्याच्या हाती मी जात असे. पियर्सचे हात उबदार आणि सैल. फिंटनची पकड घट्ट, जणू मी त्याच्या हातून पळूनच जाणार होते.

एकदा माझा दांडा मोडला. वेताचा नवा दांडा आणायला पैसे कुणाकडे होते? फिंटनने मला हर्ली करणाऱ्या सुताराकडे नेले. हर्ली म्हणजे आमच्या हर्लिंग या खेळाची काठी, पुढे पसरट आणि जराशी वाकडी. ती ॲश नावाच्या चिवट झाडाच्या लाकडाची असते. सुताराने मला उलटसुलट करून पाहिले.

"ही इंग्लंडची बाई माझ्या दुकानात कशाला आणलीस रे?"

"दांडा बसव, मग आपलीच होईल," फिंटन म्हणाला.

सुताराने ॲशचा दांडा बसवला. मी थोडी जड झाले आणि हाताला झिणझिण्या आणू लागले. पण मोडले मात्र नाही.

पुढे स्वातंत्र्याची लढाई पेटली. पियर्स आणि फिंटन दोघेही त्यात होते आणि दोघेही एकाच तुरुंगात एकाच कोठडीत राहिले. मी त्या काळात पियर्सच्या माजघरात उभी होते. देश स्वतंत्र झाला, दोघे परत आले. पियर्सने मला पुसून उन्हात ठेवले. फिंटनने मात्र मला हात लावला नाही.

"पियर्स, आता पुरे झालं हे," तो म्हणाला. "आपले खेळ मरायला टेकले होते. माझ्या आज्याला हर्लिंग खेळतो म्हणून साहेबाची माणसं हसायची. आता आपण त्यांचेच खेळ खेळत बसलो, तर आपले कोण जपणार?"

"अरे, मी तुरुंगात गेलो तेव्हा दारावरच्या शिपायानं विचारलं नाही, बॅट घरी ठेवून आलास का म्हणून."

"तुझी आपली सगळ्याचीच थट्टा."

"तू कधीच करत नाहीस, म्हणून मला दोघांची करावी लागते."

मित्रांनो, फिंटन खोटे बोलत नव्हता. हर्लिंग जपणाऱ्या संघटनेने खेड्यापाड्यांत जीव ओतून तो खेळ उभा केला. पण त्या संघटनेचा एक नियम होता. तिच्या सभासदाने क्रिकेट, फुटबॉल, रग्बी, हॉकी असले इंग्रजी खेळ खेळायचे नाहीत. नुसते बघायचेही नाहीत. आणि कोण बघतो, कोण खेळतो, हे पाहायला संघटना आपली माणसे नेमत असे. आमच्या भागात ते काम फिंटनकडे होते. त्यामुळे गंमत अशी झाली, की अख्ख्या संघटनेत क्रिकेट बघायची मुभा फक्त त्यालाच होती.

पियर्सचा मुलगा लार वाढला तो दोन्ही खेळांत. त्याच्या मनगटात अशी काही ताकद होती, की चेंडू माझ्यावर आदळायच्या आतच आपली दिशा ठरवून बसल्यासारखा जाई. हर्लिंगमध्ये तर राथकलनची सारी आशा त्याच्यावर होती. गावाच्या संघाने जिल्ह्याचा चषक कधीच जिंकला नव्हता. त्या वर्षी संघ पहिल्यांदा अंतिम सामन्यात पोचला. लारला लहानपणापासून हवे होते ते एवढेच.

सामना काही दिवसांवर आला असताना जमीनदारांनी जागा विकली. क्रिकेटच्या मैदानात बीट लावायचे ठरले. शेवटची मॅच शेजारच्या गावाशी होती आणि आमच्याकडे माणसे दहाच भरत होती. पियर्सचा गुडघा गेला होता. तो पंच म्हणून उभा राहणार होता.

"तू घरी बस," तो लारला म्हणाला. "चषक जिंक, मग बघू."

"मग बघायला मैदान राहील का, बाबा?"

"फिंटन येणार. तो सोडायचा नाही."

"फिंटनकाका मला ओळखतात. मी त्यांच्या मांडीवर बसून जेवलोय."

"म्हणून तर म्हणतोय."

लार आला. आमच्यात हर्लिंगवाले खोटे नाव लावून खेळत. लारने 'हेज' हे नाव सांगितले आणि सगळे हसले, कारण त्याला ओळखत नाही असे तिथे कुणीच नव्हते. फिंटन कुंपणाच्या झुडपाआड उभा होता. त्याची टोपी साऱ्या मैदानाला दिसत होती.

"फिंटन, अरे आत ये की!" पियर्सने हाक मारली. "चहा आहे, केक आहे. काट्यांत उभा राहून काय आमची शेरडं राखतोस?"

टोपी जराशी खाली सरकली.

समोरच्या संघाकडे एक म्हातारा, हळू चेंडू टाकणारा न्हावी होता. त्याचा चेंडू टप्पा पडून असा वळे, की लार जागच्या जागी अडकून पडला. एक चेंडू माझ्या कडेजवळून गेला, दुसराही गेला. तिसऱ्याला मी हवेतच फिरले. आणि तेवढ्यात झुडपातून मोठ्याने आवाज आला,

"अरे, पाय पुढे टाक ना! वळायच्या आधी गाठ त्याला!"

सगळ्यांच्या माना झुडपाकडे वळल्या. मग पियर्सने पंचाची टोपी काढून झुडपाला नमस्कार केला आणि जो हशा उसळला, तो मला अजून आठवतो. लारने पुढचा चेंडू पाय टाकून खेळला. तो थेट नदीकडे गेला. आम्ही जिंकलो. टोपी केव्हाच निघून गेली होती.

दुसऱ्या दिवशी फिंटन पियर्सच्या दारात आला. आत बसला नाही.

"पुरावा म्हणून बॅट न्यावी लागेल."

"ने. अर्धी तुझीच आहे," पियर्स म्हणाला. मग मला त्याच्या हाती देत म्हणाला, "नाही सांगितलंस तर कुणाला कळणार आहे, फिंटन?"

"मला." फिंटनने मला काखेत घेतले. "आवडत्याला सोडायचं आणि बाकीच्यांना धरायचं, असा पहारा असतो का?"

अशा रीतीने मी संघटनेच्या समितीच्या टेबलावर जाऊन पडले. शाळेच्या खोलीत सगळे जमले होते. अध्यक्षस्थानी फादर डाऊलिंग होते. त्यांचे हर्लिंगवेड गावाला माहीत होते. लार नसेल तर चषक नाही, हेही त्यांना पक्के माहीत होते.

"फिंटन, तू पाहिलंस?"

"पाहिलं, फादर."

"लांबून पाहिलंस. झुडपातून. तुझी नजरही आता पहिल्यासारखी नाही. मला कळलंय, की खेळणारा हेज नावाचा कुणी होता." फादरांनी लारकडे पाहिले. "लार, बाळ, नीट विचार करून सांग. तू तिथे नव्हतास, हो ना?"

खोलीतले सगळे लारकडे बघत होते. त्याने नुसती मान हलवली असती तरी भागत होते. फिंटनसुद्धा त्याच्याकडेच बघत होता. माझी खात्री आहे, त्यालाही तेच हवे होते. लारने टेबलावर माझ्याकडे पाहिले, मग फिंटनकडे.

"मी होतो, फादर. फिंटनकाका खोटं बोलत नाहीत."

फादरांनी डोळे मिटले.

मागच्या बाकावरून एक जण खवचटपणे म्हणाला, "पण झुडपातून कुणीतरी शिकवणीही घेत होतं म्हणे! कोण होतं रे ते, लार?"

"मला काही ऐकू आलं नाही," लार म्हणाला.

फिंटन उठला. हातातली टोपी त्याने पिळून पिळून पार चुरगळली होती.

"त्याला ऐकू आलं. मीच ओरडलो. नुसतं बघायचं काम होतं माझं. बघता बघता खेळलो मी. माझंही नाव लिहा."

दोघांनाही सहा महिन्यांसाठी संघटनेतून बाहेर काढले.

अंतिम सामन्याच्या रविवारी गाव ओस पडले. लारला जाववेना. समितीने मला परत केले होते; तो मला घेऊन मैदानावर गेला. नांगर अजून आला नव्हता. थोड्या वेळाने पियर्स लंगडत आला आणि मग फाटकातून फिंटन आला. त्याच्या खिशात चेंडू होता. फिंटन टाकत होता, लार खेळत होता, पियर्स चेंडू आणत होता आणि तिघांचेही कान रस्त्याकडे होते.

संध्याकाळी सायकलवरून निरोप आला. एका गुणाने हरलो.

लार खाली बसला.

"तू असतास तर जिंकलो असतो," फिंटन म्हणाला.

"हो," लार म्हणाला.

"माझ्यामुळे गेलं."

"तुमच्यामुळे गेलं, काका. आणि माझ्यामुळेही."

मग लार उठला. त्याने बाह्यांनी डोळे पुसले आणि मला फिंटनपुढे धरले. "घ्या. उजेड आहे तोवर."

फिंटनने टोपी काढून गवतावर ठेवली. मग त्याने मला धरले. हात म्हातारे झाले होते, पण पकड तीच होती, घट्ट. पियर्स लंगडत यष्टीमागे जाऊन उभा राहिला आणि लारने चेंडू उचलला.

नंतर तिथे बीट आले. बऱ्याच वर्षांनी तो नियमही गेला. आता मी लारच्या नातीच्या स्वयंपाकघरात भिंतीला टांगलेली आहे. वर्षानुवर्षे तेल मिळालेले नाही, पात्याला भेग गेली आहे. मित्रांनो, तुमच्याकडे एखादी जुनी बॅट असेल तर तिला अधूनमधून थोडे जवसाचे तेल लावा. तेवढ्याने आम्ही पुष्कळ टिकतो. आणि मैदानावर कुणी दुसऱ्याच कुणाचा खेळ खेळताना दिसला, कुणाच्या चांगल्या फटक्याला टाळी देताना दिसला, तर त्याचा देश कोणता, असे लगेच विचारू नका. आधी त्याला खेळू द्या.